मालोजी अण्णांनी बघितलेलं कॅनडाचं स्थळ

टीव्हीवर कुणी गोरा माणूस लोकांना हसवायला लागला की आमचे शेजारी मालोजी अण्णा हसत नाहीत. माझ्या हातातून रिमोट घेतात, आवाज बंद करतात आणि माझ्या सुनेला विचारतात, "श्वेता, हा मूळचा कुठला? बघ स्वल्प."

श्वेता पुण्याची, कंपनीचं काम घरून करते; इकडचं 'स्वल्प' म्हणजे 'जरा' हे आता तिला कळतं. ती मोबाइलवर बघते आणि दर दोन-तीन माणसांमागे एकदा सांगते, "अण्णा, कॅनडियन." मग अण्णा खुर्चीत मागे रेलतात. "मला शंका होतीच."

इकडे कन्नड मुलखात, येलहंक्यात राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला कॅनडाशी काय घेणंदेणं, असं तुम्ही म्हणाल. तर सांगते. त्यांची एकुलती एक लेक रेणुका नवऱ्याबरोबर तिकडे असते, दहा वर्षं झाली. आता तिला तिथलं नागरिकत्व मिळतंय. शपथ घेतली की इकडचा पासपोर्ट परत करायचा. पोरगी गुणाची, म्हणाली, अप्पा, तुम्ही हो म्हणालात तरच शपथ घेईन. अण्णा म्हणाले, आधी चौकशी करतो.

चौकशी म्हणजे अण्णांचा हातखंडा. त्यांचं घराणं कधीकाळी मराठी फौजेबरोबर इकडे येऊन राहिलेलं. किती पिढ्या झाल्या ते त्यांनाही मोजता येत नाही. आपल्या लोकांची घरं इथे मोजकी, म्हणून सोयरीक लांबून यायची, होसूरकडून, तंजावरकडून. मग मुलीचा बाप अण्णांना पाठवायचा. अण्णा नवऱ्या मुलाच्या गावात उतरायचे, पण त्याच्या घरी कधी जायचे नाहीत. न्हाव्याकडे बसायचे, दूधवाल्याशी बोलायचे, आणि मुख्य म्हणजे त्या घरातून बाहेर पडलेली माणसं शोधायचे. वेगळा राहणारा भाऊ, काम सोडून गेलेली बाई. घर कसं आहे ते घर सोडून गेलेल्याला विचारावं, हा त्यांचा नियम. एका घरची मांजर रोज शेजारी जेवते एवढ्यावरून त्यांनी स्थळ मोडलं होतं, आणि पुढे त्यांचंच बरोबर निघालं.

रेणुकाने नवरा स्वतःच निवडला, त्यामुळे जावयाची चौकशी राहूनच गेली. त्या राहिलेल्या चौकशीचा सगळा जोर आता कॅनडावर निघाला.

पण कॅनडात न्हावी कुठला गाठणार? म्हणून ही टीव्हीवरची नामांकित मंडळी. नट, गायक, विनोद करणारे, बहुतेक सगळे कॅनडा सोडून अमेरिकेत गेलेले. अण्णांना हेच खटकलं. "एवढं मोठं घर, आणि हुशार पोरं सगळी शेजारी जेवायला. का? शंका येते, अक्का."

मग एकेकाची तपासणी. एक गायिका लागोपाठ तीन गाणी प्रेमभंगाची म्हणाली, तर हिचं घरी कुणी ऐकून घेत नसणार. एक साखळ्या घातलेला मुलगा गाण्यातून मित्रांवर रुसला, तर समोरासमोर भांडायची ह्यांच्यात पद्धत नाही, आतल्या गाठीची माणसं. मुलाखतीत जो तो दर वाक्याला सॉरी म्हणतो. इतकी माफी मागतात म्हणजे आधी काहीतरी केलेलं असणार.

"अण्णा, ते पोलाइट असतात फक्त," श्वेता म्हणाली. "खूप नाइस लोक आहेत."

"नाइस तर सगळेच सोयरे असतात, लग्न होईपर्यंत."

सगळ्यांत मोठी शंका पुढेच. जगाला हसवतात हे, रडवतात हे, तुझ्या ऑफिसातली पोरं नाचतात ती ह्यांच्याच गाण्यावर, आणि नाव मात्र अमेरिकेचं. आपलं नाव न सांगता घराघरांत शिरणारा माणूस साधा नसतो, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, अहो, तुम्ही बाजारात कन्नड बोलता तेव्हा कुणाला कळतं तुम्ही मराठी म्हणून? तर म्हणाले, ते वेगळं.

यात सात महिने गेले. रेणुकाने शपथेची तारीख एकदा पुढे ढकलली. दुसरी तारीख आली तेव्हा तिचा मला फोन. काकू, अप्पांचं काय चाललंय? या वेळी चुकलं तर सगळं लटकेल. आवाज रडवेला होता.

त्या संध्याकाळी अण्णा एका नटाच्या आजोबांचं मूळ शोधायला बसले, आणि माझा धीर सुटला.

"अण्णा, तुमच्याच रीतीनं विचारते. घर सोडून गेलेल्यावरून घर ओळखायचं ना? मग उद्या रेणुकावरून कुणी तुमच्या घराची चौकशी केली, तर काय समजायचं?"

बोलून गेले आणि जीभ चावली. श्वेता उठून आत गेली. अण्णांनी रिमोट उचलून टीव्ही बंद केला.

"स्थळ चांगलं आहे, अक्का," ते म्हणाले. "पहिल्या महिन्यातच कळलं होतं."

"मग इतके दिवस काय चाललं होतं?"

"चौकशी संपली की उत्तर द्यावं लागतं. चालू आहे तोवर पोरगी घरचीच असते."

मी उठले. चहा केला, तो त्यांनी प्यायला आणि गेले.

रविवारी सकाळी दारात उभे. हातात पिशवी, पिशवीत नारळ, खण, तांदूळ. त्यांची बायको कावेरी जाऊन सहा वर्षं झाली. म्हणाले, घरात बाईमाणूस नाही, शपथेआधी पोरीची ओटी तुम्ही भरा. मोबाइलवर? मोबाइलवरच.

श्वेतानं फोन धरला. रेणुका कुठूनतरी नुकतीच घरी आली होती, अंगात जाड कोट. माझ्या हातातला नारळ बघून हसली, मग हसायची थांबली आणि पदर धरावा तसा कोटाचा घेर दोन्ही हातांनी पुढे धरला. मी फोनसमोर ताट ठेवून त्यात तांदूळ घातले, खण ठेवला, नारळ ठेवला.

"अप्पा कुठे आहेत?"

अण्णा दाराआड होते. शर्ट नीट करत पुढे आले, आणि लेकीकडे न बघता, मुलगी देताना व्याह्यांपुढे जोडावेत तसे फोनला हात जोडले.

"मुलगी हट्टी आहे आमची. पण कामाला मागे हटत नाही. काही चुकलं तर आम्हाला कळवा, तिला बोलू नका."

"अप्पा, इथे मी एकटीच आहे. कुणाला सांगताय?"

"असू दे," अण्णा म्हणाले. "ऐकत असेल कुणीतरी."

हात त्यांनी जोडलेलेच ठेवले.