येताना चालू, जाताना बंद

आत्मा जुने शरीर टाकून नवे धारण करतो, हे आपल्याकडे फार पूर्वीच सांगून ठेवलेले आहे. त्यासाठी अर्ज कुठल्या खिडकीवर करायचा, एवढेच सांगायचे राहून गेले. माणसांच्या बाबतीत या त्रुटीमुळे काही अडत नाही, कारण जाणारा चौकशीला परत येत नाही. वाहनांच्या बाबतीत मात्र ही त्रुटी दूर करण्यात आली आहे. मोटारीचा आत्मा म्हणजे तिचा नंबर, हे एकदा मान्य केले की पुढची कार्यपद्धती आपोआप समजते. (न समजल्यास आवाराबाहेर एजंट बसतात.)

कर्वेनगरातल्या एका सोसायटीत राहणारे निवृत्त बँक अधिकारी गोपाळकृष्ण घैसास यांच्या पांढऱ्या मारुतीला असा एक आत्मा होता : ४५४५. बेरीज अठरा, अठराची बेरीज नऊ. एकोणीसशे चौऱ्याण्णव साली, देशाने नुकतीच दारेखिडक्या उघडलेली असताना, हा नंबर त्यांना न मागता मिळाला. त्यामुळे तो नशिबाने मिळाला असे म्हणायची सोय झाली. पुढे या नंबराने घैसास कुटुंबाचे जे कल्याण केले त्याचा तपशील असा : गोपाळरावांची बढती, कर्वेनगरातला फ्लॅट, चिरंजीव सलिल यांचा इंजिनिअरिंगचा प्रवेश, त्यांचीच हिंजवडीतली आयटीची नोकरी, आणि पत्नी उल्काताईंचा मूतखडा आपोआप पडणे. (यांपैकी बहुतेक प्रसंगी मारुती गॅरेजमध्ये होती. तेव्हा श्रेय गाडीचे नसून नंबराचे आहे, हे उघड आहे.)

गाडी मात्र गेली काही वर्षे बंदच होती. बंद गाडी निरुपयोगी असते, हा एक गैरसमज आहे. तिच्या बॉनेटवर दुपारचे ऊन चांगले येई, म्हणून उन्हाळ्यात उल्काताईंच्या कुरडया तिथे वाळत. गाडीखाली मांजरीची बाळंतपणे निर्विघ्न पार पडत. आणि दर रविवारी सकाळी गोपाळराव तिची काच पुसून, स्टिअरिंगमागे बसून, खिडकी अर्धी खाली करून पेपर वाचत. घरात बसायला जागा नव्हती अशातला भाग नाही. पण घरातल्या सोफ्यावर ते सलिलचे वडील म्हणून बसत आणि इथे मालक म्हणून. सोसायटीचा वॉचमन एरवी त्यांना बसल्या बसल्या नमस्कार करी, रविवारी उठून करी.

सलिलने नवी, मोठी गाडी घ्यायचे ठरवले तेव्हा नंबराचा प्रश्न निघाला. हिंजवडीच्या पार्किंगमध्ये माणसाची किंमत पगारावरून ठरत नाही, कारण पगार सांगायचा नसतो. ती नंबरावरून ठरते. तिथल्या दहा गाड्यांपैकी सात गाड्यांच्या नंबरांची बेरीज नऊ येते, असा सलिलचा अंदाज होता. (उरलेल्या तीन पाहुण्यांच्या.)

"बाबा, सिंपल मायग्रेशन आहे," तो म्हणाला. "नंबर नव्या गाडीवर घ्यायचा आणि जुनी डीकमिशन करायची."

"म्हणजे काय करायची?"

"म्हणजे, बंद करून टाकायची."

"ती बंदच आहे."

"मग तर काही प्रॉब्लेमच नाही."

प्रॉब्लेम होता. तो बद्रीनाथ नावाच्या एजंटाने घरी येऊन, चहा घेऊन समजावून सांगितला. नंबर एका गाडीवरून दुसऱ्या गाडीवर जातो, पण मालक तोच लागतो. इथे जुनी गाडी वडिलांच्या नावावर आणि नवी मुलाच्या. तेव्हा जुनी गाडी आधी मुलाच्या नावावर करायची. पण नावावर करायची तर ती वाहन असली पाहिजे, आणि वाहन म्हणजे जे चालते ते. जे चालत नाही त्याला भंगार म्हणतात आणि भंगाराला आत्मा नसतो. म्हणून गाडीने तपासणीला स्वतःच्या चाकांवर यायचे, पास व्हायचे आणि मुलाच्या नावावर व्हायचे. लगेच शेजारच्या खिडकीवर नंबर सोडवायचा. मात्र चालत्या गाडीचा नंबर काढून घेणे म्हणजे जिवंत माणसाचे श्राद्ध घालणे. त्या खिडकीवर गाडी बाद असावी लागते.

"थोडक्यात काय," बद्रीनाथ म्हणाला, "आत येताना चालली पाहिजे आणि बाहेर जाताना चालता कामा नये. एकाच दिवशी. आपलं नेहमीचंच काम आहे."

"दुसरा काही ऑप्शन?" सलिलने विचारले.

"आहे ना. वारसाने. त्यात तपासणी नाही, खिडक्या नाहीत, गाडी जागची हलवायलासुद्धा नको. एक दाखला जोडला की झालं."

"कसला दाखला?"

बद्रीनाथने गोपाळरावांकडे पाहिले आणि कप खाली ठेवला. "ते आपल्या हातात नसतं म्हणा," तो म्हणाला. "पण सोपं पडतं."

त्या आठवड्यात सलिलने वडिलांना विचारले, "बाबा, बीपी कसं आहे?" असा प्रश्न त्या घरात यापूर्वी विचारला गेल्याची नोंद नाही. पाठोपाठ त्याने साखर विचारली, मग गुडघे विचारले, आणि एकदा भाजी वाढून घेता घेता, "तुमचे आजोबा किती वर्षांचे होऊन गेले हो?" असेही विचारले. सलिल वाईट मुलगा नव्हता, हे इथे नमूद केले पाहिजे. तो फक्त दोन्ही पर्यायांचा अभ्यास करत होता. त्याच्या कंपनीत याला बॅकअप प्लॅन म्हणतात आणि त्याबद्दल टाळ्या वाजवतात. गोपाळरावांनी सगळी उत्तरे दिली. बीपी बरे होते. आजोबा ब्याण्णव वर्षांचे होऊन गेले होते. "अरे वा," सलिल म्हणाला, पण जरा थांबून म्हणाला.

गोपाळरावांना वाईट वाटले. (यासाठी अर्जात स्वतंत्र रकाना नाही.) दर नोव्हेंबरला ते आपण हयात असल्याचा दाखला पेन्शनसाठी नेऊन देत, आणि तिथला कारकून मान वर न करता तो ठेवून घेई. त्याचे त्यांना कधी काही वाटले नव्हते. पण तोच दाखला रोज स्वतःच्या जेवणाच्या टेबलावर द्यावा लागू लागला तेव्हा ते ताक न घेताच पानावरून उठू लागले. त्यांनी हे उल्काताईंना सांगितले. त्या बॉनेटवरच्या कुरडया उलटत होत्या.

"सरळ आहे, अहो," त्या म्हणाल्या. "नंबर देऊन टाका, नाहीतर गोळ्या वेळेवर घ्या."

गाडी दोराने ओढून विश्रांतवाडीला सुखदेवच्या गॅरेजमध्ये नेण्यात आली. कामाचे स्वरूप सलिलने फोनवर नीट समजावले : जाईपर्यंत चालू, गेल्यावर बंद. वर्कशॉपच्या इतिहासात इतकी स्पष्ट मागणी क्वचितच आली असेल. "काळजी सोडा साहेब," सुखदेव म्हणाला, "आपल्या हातची गाडी तशीच ऱ्हाती."

दोन दिवसांनी गोपाळराव एकटेच बसने विश्रांतवाडीला गेले.

"जाताना पण चालली पाहिजे," ते म्हणाले.

"पोरानं तर येगळंच सांगितलंय."

"गाडी कुणाच्या नावावर आहे?"

"तुमच्या."

"मग झालं तर."

ठरल्या दिवशी मारुती आरटीओकडे निघाली. चालवायला गोपाळरावच बसले, कारण तिची चावी किंचित उचलून फिरवावी लागे आणि ती कला घरात दुसऱ्या कुणाला येत नव्हती. शेजारी सलिल, मांडीवर नव्या गाडीचे कागद. बद्रीनाथ फाटकाशी ओढायचा दोर घेऊन उभाच होता. तपासणी अधिकाऱ्याने दिवे पाहिले, ब्रेक पाहिले, हॉर्न वाजवला, थोडे अंतर चालवून पाहिली. "छान ठेवलीय हो काका," तो म्हणाला, आणि गाडी आणखी पाच वर्षे रस्त्यावर येण्यास योग्य असल्याचा शिक्का मारला. गोपाळरावांची अशी तारीफ निवृत्तीच्या समारंभातही झाली नव्हती.

मग पहिली खिडकी. कारकुनाने कागद पुढे सरकवला. "देणाऱ्याची सही."

गोपाळरावांनी पेन उघडले, कागद वाचला आणि पेनाला टोपण लावले.

"चालू गाडी कशाला देऊ?" ते म्हणाले. "मी चालवतो की."

"बाबा," सलिल हळू आवाजात म्हणाला, "ती बाहेर जाताना बंद पडणार आहे."

"बघू."

त्यांनी एकटेच गाडीत जाऊन बसून चावी किंचित उचलून फिरवली. मारुती निघाली, आवारातून वळली आणि फाटकातून बाहेर पडली. बद्रीनाथ दोर घेऊन बाजूला झाला. आलेली गाडी आली तशी परत जाताना त्याने आपल्या कारकिर्दीत पहिल्यांदाच पाहिली, असे तो नंतर सांगत असे. सलिल रिक्षाने घरी आला. रिक्षाच्या नंबराची बेरीज नऊ होती, पण त्या दिवशी त्याने ती केली नाही.

नव्या गाडीला जो मिळाला तो नंबर मिळाला. गोपाळराव आता रविवारी उल्काताईंना शेजारी बसवून खडकवासल्याला जातात आणि पेपर तिथे वाचतात. कुरडया नव्या गाडीच्या बॉनेटवर वाळतात, कारण ते मोठे आहे. घरात बीपीची चौकशी बंद झाली असून सर्व काही पूर्ववत आहे. पाच वर्षांनी पुन्हा तपासणी आहे. गाडीची.

ही हकीकत वाचून काही वाचकांना आपल्या वडिलांची आठवण येईल आणि फोन करून प्रकृती विचारावीशी वाटेल. भावना चांगली आहे. फक्त फ्लॅट, गावची जमीन किंवा लॉकर अजून त्यांच्याच नावावर असेल, तर आजचा दिवस जाऊ द्यावा. ही गोष्ट त्यांनी तुमच्याआधी वाचलेली असू शकते.