डाव्या मूत्रपिंडाची सही

गेल्या सोमवारी माझ्या पांढऱ्या पेशींनी माझ्या डाव्या मूत्रपिंडाला परकं ठरवलं आणि तशी नोटीस माझ्या हातात ठेवली.

छप्पन्न वर्षं हे मूत्रपिंड एकही रजा न घेता माझं रक्त गाळतंय. पण ऐकतो कोण! पेशी त्याच्यावर तुटून पडल्या. आठवड्यात पाय सुजले, लघवीला फेस यायला लागला. शेवटी वैतागून मी पेशींच्या साहेबांनाच घेऊन डॉक्टर उखळकरांकडे गेले. साहेब मांडीवर फाईल घेऊन बसले.

"बाईंचा घसा दुखत होता तेव्हा आम्ही एक जंतू पकडला," साहेब म्हणाले. "मूत्रपिंडाची सही त्याच्या सहीशी जुळते."

"अहो, जंतूनेच नक्कल केली असेल!" डॉक्टर म्हणाले.

"ते आमच्या अखत्यारीत नाही. मूत्रपिंडाने समक्ष हजर राहावं."

कोषागारात निवृत्तांचे हयातीचे दाखले मीच तपासायची. हात थरथरून सही बदलली की कागद परत. वाघमोडे तात्या पंधरा वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर होते, तरी निवृत्तीनंतर त्यांचा दाखला मी चार वेळा 'समक्ष या' म्हणून परत पाठवला होता. तेव्हा ते अर्धांगवायूने झोपून होते.

"पोटातलं मूत्रपिंड समक्ष आणू कसं?" मी ओरडलेच.

डॉक्टरांनी सुईने मूत्रपिंडाचा छोटासा तुकडा काढून टेबलावर ठेवला. साहेबांनी तो नीट पाहिला.

"हा शरीराबाहेर सापडला," त्यांनी फाईलमध्ये लिहिलं. "म्हणजे बाहेरचाच."

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "निम्म्या गाळण्या गेल्यात, बाई. या गोळ्यांनी पेशींना सक्तीच्या रजेवर पाठवू. उरलेल्या वाचतात का बघू." मला रडूच कोसळलं. साहेबांनी रजेच्या अर्जावर सही केली आणि खाली लिहिलं, 'रुजू झाल्यावर प्रकरण पुढे चालू.'

घरी आल्यावर उजव्या मूत्रपिंडाने हळूच विचारलं, "बाई, मी कुठले कागद तयार ठेवू?"

"दोन फोटो आण," मी सवयीने म्हणाले, "आणि समक्ष ये."