हेमकांतच्या बाटल्या

"दोन्ही बाटल्या सरन्यात का?" हेमकांत फोनवर ओरडला. खांडबाऱ्याहून भिलाचा आवाज अर्धा पोहोचे, अर्धा वाटेतच राही. म्हणून खापर गावच्या बाजारपेठेतल्या आपल्या ओट्यावर चाकाची खुर्ची आणून तो मोठ्यानेच बोले. "एकच? पिशवीमा रंग कसा शे? पिवळा धम्मक? वास येस? मंग दुसरी खाली कर नि माले फोन लाव."

ट्रॅक्टर उलटून हेमकांतचे पाय गेले, त्याला बरीच वर्षे झाली. आता एका संस्थेसाठी तो आपल्यासारख्याच कण्याला मार बसलेल्यांना फोनवरून सांभाळी. बसल्या जागी जखमा कशा टाळायच्या, पाणी किती प्यायचे, हे भोगलेल्यानेच भोगणाऱ्याला सांगायचे. भिला नवा होता. लघवीची पिशवी दिसली की पाहुणे "बिचारा" म्हणत, म्हणून त्याने पाणी पिणेच सोडले. मग तापाने फणफणला. पुन्हा तसे झाले तर जिवावर बेतेल, हे हेमकांतला पक्के ठाऊक होते.

शेजारचे दुकानदार उत्तमचंद शेटजी यांनी मात्र बाटली, पिशवी, रंग आणि वास एवढेच ऐकले. गुजरातची हद्द जवळ, आणि तिकडे दारूबंदी. शेटजींना चोरट्या दारूचा आणखी पुरावा नको होता. थोड्याच वेळात महिला मंडळाच्या दिवलीबाई बाया घेऊन ओट्यापुढे हजर झाल्या. मागे शेटजी.

"माल कोठे शे?"

"कसाना माल?"

"पिशवीना. खांडबाराले धाडस ना तू?"

अर्थ ध्यानात आला तशी हेमकांतची कानशिले तापली. "मावशी, माले हालता येत नही, नि मी दारू धाडस?"

"म्हनीसनच त," शेटजी म्हणाले. "तुन्ही खुर्चीखाल कोन देखस?"

"नि ही गादी कसी फुगेल शे?" दिवलीबाईंनी बोट रोखले.

"हवा शे तिन्हामा."

"दारूबी असाच रबरना फुगामा भरीसन येस." त्यांनी हात घातला.

"हात नका लावू. ती फुटनी त मन्हं आंग सडी जाई."

तेवढ्यात फोन वाजला. हेमकांतने रागारागाने स्पीकर लावला. "आयका सगळा."

"भाऊ," भिला कण्हला, "आर्धी बाटली झायी. आते पानी गळाखाल उतरत नही. लघवीना रंग तितलाच पिवळा शे."

दिवलीबाईंनी पदर तोंडाला लावला. "लघवीना रंग व्हय ना. बिचारा."

"दोन्ही बिचारा," शेटजी म्हणाले आणि दुकानातून बिस्किटांचा पुडा आणून हेमकांतच्या मांडीवर ठेवला.

आता मात्र हेमकांतचा तोल गेला. "दारू इकनारा समजेत तवय तुम्ही मन्हासंगे डोळाले डोळा भिडाईसन बोलनात. बरोबरीना मानूस समजीसन भांडनात. आते लगेच बिस्किटं? न्या तो पुडा. नि निंघा."

दारूवाल्याला जाब विचारायला आलेली मंडळी बिचाऱ्याच्या बोलण्याने खाली मान घालून गेली. पुडा शेटजींच्या हातात होता.

फोन चालूच होता. पलीकडून प्रथमच भिलाच्या हसण्याचा आवाज आला.

"भाऊ, मन्हं एक काम करा ना. आठे खांडबारामाबी मन्ही असीच दारूनी बोंब उठाडा."

"उठाडस," हेमकांत म्हणाला. "पहिले बाटली खाली कर."

पलीकडे घटघट आवाज सुरू झाला.