वेलीची वाढ : निरंक

यवतमाळच्या एका सरकारी कार्यालयात हरित कार्यालय अभियानाचं परिपत्रक आलं, तेव्हा वरिष्ठ लिपिक धर्मपाल खिडकीपाशी बसले होते. एवढाच त्यांचा अपराध. परिपत्रकात म्हटलं होतं की प्रत्येक कार्यालयाने आत एक जिवंत वनस्पती ठेवावी, तिच्यासाठी पालक नेमावा आणि पानांचा रंग व वाढ यांबाबत दरमहा अहवाल सादर करावा. कार्यालयप्रमुख सदाशिवराव साहेबांनी मान वर केली. खिडकीतल्या उन्हात धर्मपालांचं टक्कल चमकत होतं. झाडाला ऊन लागतं, एवढं साहेबांना ठाऊक होतं.

"धर्मपाल, आजपासून तुम्ही पालक."

"साहेब, मला माझ्या पोरीचा पालक व्हायलाच सुट्टी मिळत नाही."

"म्हणून तर याचं पालक कार्यालयीन वेळेत व्हायचं आहे."

(शेजारच्या कार्यालयात 'पालक नेमावा'चा अर्थ निराळा लागला आणि त्यांनी दत्त चौकातून दोन जुड्या आणून पाण्यात उभ्या केल्या. त्यांची वाढ चौथ्या दिवशी कुणीतरी डब्यात नेली.)

धर्मपालांनी फार कुरकुर केली नाही, कारण त्यांना बदली हवी होती. पत्नी पंचफुला ढाणकीला शाळेत शिकवायची, लेक उर्वशी कृषी महाविद्यालयाच्या वसतिगृहात राहायची, आणि धर्मपाल यवतमाळात भाड्याच्या खोलीत स्वतःच्या हातची वरणफळं खात दिवस काढायचे. बायकोची भेट रविवारी, तीही एसटी वेळेवर सुटली तर. उमरखेडच्या कार्यालयात बदली मिळाली असती तर ढाणकीहून रोज जाणं-येणं सहज जमलं असतं. साहेब म्हणाले, "अभियानात आपलं कार्यालय जिल्ह्यात पहिलं आणा. तुमच्या प्रस्तावावर डोळे मिटून सही करतो." बाकीच्या सह्याही साहेब डोळे मिटूनच करत; पण या सहीचं त्यांनी वचन दिलं होतं.

झाड उर्वशीने आणून दिलं. छोट्या कुंडीत जाड, गुळगुळीत, मेण लावल्यासारख्या पानांची वेल.

"बाबा, ही होया. पाणी कमी घालायचं. कुंडी बदलायची नाही, मुळं दाटीवाटीतच खूश राहतात. वाढ फार सावकाश. आणि सहसा मरत नाही."

धर्मपालांना गहिवरून आलं. "बेटा, ही तर आमच्या आस्थापना शाखेतलीच दिसते."

पुढल्या महिन्यात पाहणी समिती आली. समितीने आधी चहा घेतला, मग चष्मे लावले. होयाची पानं मधोमध हिरवी, कडेला सायीसारखी पांढरट आणि टोकाला नुकतं फुटलेलं एक पान चक्क तांबूस गुलाबी. समितीच्या अध्यक्षांनी त्या पानाकडे, लाच घेताना सापडलेल्या माणसाकडे पाहावं तसं पाहिलं.

"हे लाल कसं काय?"

"सर, नवीन पान लाल येतं. मग हळूहळू हिरवं होतं," धर्मपाल म्हणाले.

"म्हणजे रुजू होताना लाल आणि कायम झाल्यावर हिरवं?"

"होय सर."

"तशी सेवानियमात तरतूद नाही. आणि ही पांढरी कड? अभियान हरित आहे, दुग्धविकास नाही."

शेरा पडला : पानांचा रंग अंशतः हिरवा, अंशतः पांढरा, उर्वरित संशयास्पद. वाढ निरंक. सबब, सदर वनस्पतीकडून लेखी खुलासा मागवण्यात यावा.

कारणे दाखवा नोटीस कुंडीला दोऱ्याने बांधण्यात आली. होयाने मुदतीत खुलासा केला नाही. मौन ही कबुली समजून दोष मान्य असल्याची नोंद झाली आणि पालक म्हणून ताकीद धर्मपालांना मिळाली.

धर्मपाल हादरले. वाढ व्हायची तर ऊन हवं, असं मनाशी ठरवून त्यांनी कुंडी पश्चिमेच्या गॅलरीत नेऊन ठेवली. यवतमाळचं ऊन. त्याला माणूस घाबरतो, तिथे होया काय करणार? आठवड्याभरात अख्खी वेल तांब्याच्या भांड्यासारखी लालभडक झाली. शिपाई लखीराम बराच वेळ न्याहाळत राहिला.

"बाबूजी, हे तं पार तापलं! साहेबाले वरून फोन आला की त्यायचं तोंड असंच होते."

"हळू बोल."

"आता मले सांगा, साहेबाले सावलीत ठेवलं की उतरते. याले ठेवून पाहा."

वेल सावलीत आली. लाली ओसरायला पावसाळा उजाडला. आणि मग एके दिवशी, सगळ्यांनी आशा सोडलेली असताना, वेलीने टोकातून एक लांबच लांब दांडी बाहेर काढली. पान नाही, फूल नाही, नुसती नागडी दांडी. सकाळी असायची त्याहून संध्याकाळी पुढे गेलेली दिसायची. हवेत गोल गोल डुलायची, जणू कुणाच्या खांद्यावर हात ठेवू, असा विचार करत असावी.

धर्मपालांनी घाबरून लेकीला फोन केला.

"बाबा, होया अशीच वाढते. आधी नुसती दांडी पुढे पाठवते. आधार सापडला की मग पानं फुटतात. कापू नका हं तिला."

धर्मपालांनी अहवाल लिहिला : 'वाढ भरघोस. पाने प्रस्तावित.'

या दोन ओळींनी वरिष्ठ कार्यालयात आनंदाची लाट उसळली. अशी भाषा तिथे सगळ्यांना कळत होती. ज्या रस्त्याची फक्त कोनशिला आहे, ज्या दवाखान्याची फक्त पाटी आहे, त्यांच्याच पंगतीत ही वेल आता सन्मानाने बसली. उलट टपाली आदेश आला की सदर वाढ जिल्ह्यासाठी पथदर्शी असून पुढील मोजमाप होईपर्यंत तिला कोणीही, कोणत्याही कारणास्तव हात लावू नये.

वेलीने आदेश वाचला असावा. धर्मपालांनी तिच्यासाठी बांबूची काडी रोवली होती. तिच्याकडे ढुंकूनही न पाहता ती वळली ती थेट लोखंडी कपाटाकडे. त्या कपाटात कार्यालयाचा गोल शिक्का राहत असे. वेलीने कपाटाच्या दोन्ही मुठींना मिळून वेढे घातले, वर एक गाठ मारल्यासारखी केली आणि तिथे, अखेर, आधार सापडल्याच्या समाधानात, दोन पानं काढली. गुलाबी.

कपाट बंद ते बंदच.

"कापून टाकू," लखीराम म्हणाला.

"वृक्षतोड होईल ती," साहेब म्हणाले. "परवानगी लागेल."

वनखात्याकडे परवानगी मागितली. उत्तर आलं की वेल म्हणजे वृक्ष नव्हे. परंतु वेल ज्यावर चढली तो वृक्ष असल्यास प्रकरण आमच्याकडे येतं. सबब, कपाट हे वृक्ष नसल्याचा दाखला, गोल शिक्क्यासह, सादर करावा.

गोल शिक्का कपाटात होता.

दारावर पाटी लागली : 'वेलीची वाढ सुरू असल्याने शिक्का बंद आहे.' लोक येत, पाटी वाचत, मान हलवत आणि परत जात. कुणी चिडलं नाही. 'सर्व्हर बंद' ऐकून तयार झालेली ती माणसं. वेलीचं कारण निदान डोळ्यांना दिसत होतं. काही आठवड्यांनी कपाटाला कुणीतरी हळदीकुंकू लावलं. एकाने नारळ आणला. एक जण लांबूनच हात जोडून म्हणाला, "माय, लवकर वाढ."

फुलसावंगीची भुरीबाई मात्र दर बाजाराच्या दिवशी यायची. सरकारी नोंदीत कुणाच्या तरी बोटाच्या चुकीने तिचं 'भुरेबाबू' झालं होतं आणि त्यापुढे 'पुरुष' असंही लागलं होतं. बायकांसाठीची एकही योजना तिला लागू होईना. उलट एका पत्रात तिला आपल्या पत्नीची माहिती विचारली होती.

"बाबूजी, मले बाई कवा करून राह्यले?"

"बाई, दुरुस्ती तयार आहे. फक्त शिक्का मारायचा आहे."

"मंग मारा ना बाप्पा."

"शिक्का कपाटात आहे. कपाटावर वेल आहे."

भुरीबाईने वेलीला एकदा नीट पाहून घेतलं. "माह्या नवऱ्याले समजलं तं तो म्हणन, घरात दोन-दोन बाप्ये, आता चुलीपाशी कोन बसन? चार पोरं झाली जी मले! हे झाड मोठं झाल्यावर का मी बाई होईन?"

धर्मपालांना हसूही आलं आणि लाजही वाटली. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. या खिडकीचा त्यांना आयुष्यात एवढाच उपयोग झाला होता.

अभियानाचा निकाल लागला. कार्यालय जिल्ह्यात पहिलं आलं. साहेबांनी शब्द पाळला. बदलीच्या प्रस्तावावर डोळे मिटून सही केली. प्रस्ताव उमरखेडला गेला आणि तिथला शेरा घेऊन परत आला : पालक व वनस्पती यांची ताटातूट पुरस्कारप्राप्त वाढीस बाधक असल्याने दोघांची बदली एकत्रच करावी लागेल. या कार्यालयात लिपिकाचं पद रिक्त आहे, वेलीचं नाही. समकक्ष पद निर्माण होईपर्यंत प्रस्ताव स्थगित.

त्या दुपारी धर्मपालांनी पंचफुलाला फोनवर सगळं वाचून दाखवलं. ती पोरांचे पेपर तपासत ऐकत होती.

"मले एक सांगा जी," ती म्हणाली, "थे वेल हातानं सोडवता येत नाई काय?"

"येते."

"मंग?"

धर्मपालांनी आदेश क्रमांक सांगायला फाईल ओढली. एवढ्या वर्षांच्या नोकरीत त्यांना हजार शेरे मिळाले होते, पण 'मंग?' हा शेरा कुणी मारला नव्हता. आणि त्याला उत्तर देण्याचा नमुनाही उपलब्ध नव्हता.

दुसऱ्या दिवशी साहेब जेवायला गेले. बाकावर पाच-पंचवीस माणसं बसली होती, त्यात भुरीबाई होती. धर्मपाल उठले, कपाटापाशी गेले आणि दोन्ही हातांनी एकेक वेढा उलटा सोडवू लागले. उर्वशी लहान असताना तिच्या वेणीतून रिबीन अशीच सोडवायचे ते. वेल तुटली नाही, एक थेंब चीक गळला नाही. शहाण्यासारखी त्यांच्या हातात आली. त्यांनी ती बांबूच्या काडीवर टाकली आणि कपाट उघडलं.

मग काय सांगता! शिक्का असा चालला की लखीरामने टेबलाचे पाय धरून ठेवले. धाड, धाड, धाड! भुरीबाई पहिल्याच दणक्याला बाई झाली. बाकावर शिट्ट्या वाजल्या. कुणी धर्मपालांना देवमाणूस म्हटलं, कुणी त्यांच्या पाया पडू गेलं. धर्मपालांचे कान लाल झाले. आपण उडतोय की काय, असं त्यांना वाटलं आणि त्यांनी खुर्ची घट्ट धरली.

तेवढ्यात दात कोरत साहेब आले.

"धर्मपाल! उद्या मोजमाप होतं!" साहेब किंचाळले. मग आवाज खाली आणून, तसा माणूस वाईट नव्हता, म्हणाले, "आता चौकशी लागेल. एकच उपाय आहे. वेल लोकांच्या कामासाठी सोडवली आणि ते योग्यच झालं, असं या लोकांनी लिहून द्यावं. सह्या घ्या. मी बघतो पुढचं."

धर्मपालांनी कोरा कागद घेतला आणि हसतच बाकाकडे वळले. देवमाणूस म्हणणाऱ्याने कागद पाहिला आणि त्याला एकदम एसटी आठवली. पाया पडू गेलेला म्हणाला, "मले लिवता येत नाई जी." त्याची सही तर आत्ताच घेतलेली, टेबलावर ओली होती. तिसरा म्हणाला, "तुमचं-तुमचं भांडण हाय, आमाले कायले गोवता?" धर्मपालांनी भुरीबाईकडे पाहिलं. तिने कागदाकडे पाहिलं, आपल्या नव्या दाखल्याकडे पाहिलं.

"बाबूजी, माह्यं नाव आत्ताच सुधारलं. पयलीच सही अशा कागदावर नको ना."

कागद कोरा राहिला. कुणीच हललं मात्र नाही. मागून आवाज आला, "बाबूजी, त्या वेलीचं एक पान भेटन काय? लय शुभ हाय म्हंतात." हा प्रस्ताव एकमताने मंजूर झाला. प्रत्येकाने एकेक पान खुडलं, रुमालात गुंडाळलं, आणि सगळे समाधानाने घरी गेले. वेलीची नुसती दांडी उरली.

धर्मपालांची चौकशी सुरू आहे. तोवर बदली नाही. वेलीचा अहवाल मात्र निर्दोष ठरला : पानेच नसल्याने पानांच्या रंगाबाबत कोणताही आक्षेप उरत नाही.

रविवारी ते ढाणकीला गेले. पंचफुलाने काही विचारायच्या आत म्हणाले, "सोडवली." तिने त्यांचं ताट आपल्या ताटाला लावून घेतलं. उर्वशी आली होती, तिला त्यांनी विचारलं, की लोकांनी नेलेली पानं जगतील का?

"जगतील ना," ती म्हणाली. "नुसतं पान मातीत खोचलं तरी मुळं धरतं. वर्षानुवर्षं हिरवंगार राहतं. फक्त त्याला दांडीचा तुकडा नसला की फुटवा येत नाही. मरत नाही आणि वाढतही नाही."



आता ती पानं घरोघर आहेत. यवतमाळात, पुसदला, पुढे कुठे कुठे. खिडकीत एक कुंडी, कुंडीत एक पान. पाहुणे आले की घरधनी कौतुकाने सांगतो : काही त्रास नाही बघा याचा; थोडं पाणी दिलं की झालं, काही मागत नाही.

तुमच्याकडेही असेलच एक. जरा खिडकीत पाहून घ्या आणि तुम्ही त्या दिवशी बाकावर कुठे बसला होतात, ते आम्हाला लेखी कळवा. सही नसली तरी चालेल.