‘आता मी बोलते’चा पहिला प्रयोग

“आधी समोरच्याचं होऊ दे, मग बोल.” आईने लहानपणी हे सांगितलं आणि मी ते आजतागायत पाळत आले. अडचण एवढीच की आमच्या घरात समोरच्याचं कधी होतच नाही! बाबांचं संपत आलं की दादा सुरू होतो, दादा श्वास घ्यायला थांबला की आत्या त्या फटीतून आत शिरते, आणि आत्याचं संपेपर्यंत बाबांना नवीन काहीतरी सुचलेलं असतं. आई गेल्यापासून मी घरात एखादं अख्खं वाक्य बोलले असेन, तर ते ‘दूध उतू गेलं’.

म्हणून मी एकपात्री प्रयोग करायचं ठरवलं. एवढी सोयीची कला दुसरी नाही. माणसं अंधारात, आपण एकट्या उजेडात, आणि मधे बोलायची कोणाची टाप नाही! नाव ठेवलं ‘आता मी बोलते’. गोष्ट माझीच. चष्म्याच्या दुकानदाराची मुलगी. तिने दुकान सांभाळावं आणि बाबांना फ्रेमा पुरवणाऱ्या व्यापाऱ्याच्या मुलाशी लग्न करावं, असं सगळ्यांनी ठरवून टाकलेलं. तिला दोन्ही नको. तिला नाटक करायचंय. ती मंडळी रविवारी तारीख ठरवायला घरी येणार होती आणि माझा प्रयोग शुक्रवारी होता. परक्या माणसांसमोर एकदा मोठ्याने बोलून झालं की घरी बोलायचं बळ येईल, असा माझा बेत.

बेत पक्का होता बरं! माझं रोज संध्याकाळी सात ते आठ मौन असतं. देवाला दिलेला शब्द आहे, तो मी कधी मोडलेला नाही. एकदा याच वेळेत दाढ काढावी लागली, तेव्हाही नाही. मी ओरडले नाही म्हणून डॉक्टरच घाबरले होते. प्रयोग सहाचा आणि पाऊण तासाचा. म्हणजे सातच्या आत मी मोकळी.

घरी सांगितलं नव्हतं. खोटं मी बोलत नाही. कोणी विचारलं नाही, इतकंच. पण आत्याने रस्त्यात पोस्टर पाहिलं. त्यावर हात जोडलेला माझा फोटो. सदा जपात असणारी भाची प्रवचन करणार, असं समजून तिने घरी ते जाहीर केलं, आणि शुक्रवारी पडद्याच्या फटीतून पाहते तो पहिल्या रांगेत तिघंही! बाबा, दादा आणि पिशवीतून घरची उशी काढून तिच्यावर बसणारी आत्या.

जे उसन्या बळावर परक्यांना सांगायचं, ते आता थेट त्यांच्याच तोंडावर. मागच्या दाराने निघून जावं असं मनात आलं, पण सभागृहाचे व्यवस्थापक दारातच उभे होते. मी डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं आणि जागेवर जाऊन उभी राहिले.

तेवढ्यात बाबा उठले. समोरचा दिवा लोकांच्या डोळ्यांवर येतोय, असं त्यांनी निदान केलं. त्यांनी दिवेवाल्याला शिडीवर चढवलं, दिवा आधी डावीकडे घ्यायला लावला, मग उजवीकडे, आणि मग दुकानातल्या सवयीने रांगेरांगेतून फिरत एकेका प्रेक्षकाला विचारत सुटले, “आधीचं बरं होतं की हे? आणि आता?” लोकही गुणी. एक डोळा झाकून सांगत होते!

सहाचे साडेसहा झाले, साडेसहाचे पावणेसात. मी पडद्यामागे नुसती तडफडत होते. व्यवस्थापकांना विनवलं, तर ते म्हणाले की वडील तुमचे, तुम्हीच आवरा. आवरायला गेले, तर बाबांचं बोलणं चालूच.

शेवटी पडदा उघडला. मी पुढे आले, छाती भरून श्वास घेतला आणि पहिलं वाक्य सुरू केलं, “बाबा…”

बाहेरच्या घड्याळाच्या मनोऱ्यावर सातचे ठोके पडले. मी तोंड मिटलं.

“काय?” पहिल्या रांगेतून बाबा म्हणाले.

मी गप्प. कोणीतरी खोकलं. देव क्षमा करेल, बोल, असं एक मन म्हणत होतं; आणि ज्या तोंडाने त्याला दिलेला शब्द मोडायचा, त्याच तोंडाने स्वतःचं खरं सांगायचं का, असं दुसरं विचारत होतं.

“अगं, बोल की,” बाबा म्हणाले.

“सात वाजले ना,” आत्या शेजारच्या बाईंना समजावू लागली. मग माझं मौन, माझे उपास, जमत आलेलं लग्न, फ्रेमवाल्यांचं घर केवढं मोठं, हे सगळं तिने त्या बाईंना आणि त्यांच्यामागच्या सात रांगांना सांगितलं. लोक हसू लागले. त्यांना वाटलं, ही नाटकातलीच! दिवेवाल्यालाही तसंच वाटलं. त्याने उजेड आत्यावर टाकला, तशी तिने पदर सावरला आणि ती उभीच राहिली.

“मुलीला पसंत आहे का?” त्या बाईंनी विचारलं.

“म्हणजे काय! हिच्या दादाने विचारलंय तिला.”

“मी नाही,” दादा म्हणाला. “मला वाटलं, बाबांनी विचारलं.”

“मला वाटलं, आत्याने,” बाबा म्हणाले.

हशा हळूहळू विरला. उजेड तिघांवरून फिरत फिरत बाबांवर येऊन थांबला. ते उठले, मंचाच्या कडेपर्यंत आले. चष्मा काढून पुसला, परत घातला आणि मला नीट पाहिलं. दुकानात एवढी वर्षं त्यांच्याशेजारी बसले, पण असं पाहिलेलं आठवत नाही.

“तुला तो मुलगा हवा आहे?”

मी मान हलवली. नाही.

“दुकान?”

हे अवघड होतं. मी पुन्हा मान हलवली.

त्यांची नजर माझ्या पायांकडे गेली.

“मग हे?” त्यांनी माझ्या पायाखालच्या फळ्यांकडे बोट दाखवलं. मी होकार दिला. डोळे भरून वाहत होते, पण आवाज काढला नाही.

“बरं,” बाबा म्हणाले. “उद्या सकाळी मी जाऊन सांगतो त्यांना. मी स्वतः.”

दिवेवाल्याने शेवट ओळखून अंधार केला. टाळ्या थांबेनात! व्यवस्थापक धावत आले. एकपात्रीत नायिकेलाच गप्प ठेवायचं, असं धाडस आपण पाहिलं नाही म्हणाले, आणि पुढचे प्रयोग देऊ केले. अट एकच, पहिल्या रांगेतली तिन्ही पात्रं हवीत. आत्याने लगेच पोस्टरवर स्वतःचा फोटो मागितला. आठ वाजले तेव्हा त्या फोटोत कोणती साडी असावी यावर चर्चा चालू होती. माझं पाऊण तासाचं पाठांतर माझ्यापाशीच राहिलं. अजून आहे.

सकाळी प्रार्थना आटोपून खिडकीत आले, तर बाबा इस्त्रीचा सदरा घालून निघाले होते. दुकान उघडलं नव्हतं, कोणाला हाक मारली नव्हती. कोपऱ्यावर ते थांबले. विजेच्या खांबासमोर उभं राहून काहीतरी बोलले, हात जोडले, मान हलवली. बहुधा मनासारखं जमलं नाही. दोन पावलं मागे आले आणि पुन्हा पहिल्यापासून बोलून पाहिलं. मग सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि फ्रेमवाल्यांच्या रस्त्याला वळले.