साडूंच्या पंपावर उभा राहिलेल्या रुपयाची हकीकत

श्री. पाणी स्वभावे खाली जाणारे, ते ज्याचे आज्ञेने टेकडी चढते त्या जलदेवतेस दंडवत. शके एकोणीसशे पस्तीस, विजयनाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी महाराज तुळाजीराव यांचा नवा पंप पहिल्याच दिवशी नळापासून फुटला आणि पाहुणे आलेले साडू रायाजीराव खुर्चीसह दारापर्यंत तरंगत गेले. ऐसे काही जाहले नाही. हुजुरांचा हुकूम की जाहले नाही, सबब जे जाहले नाही त्याची साद्यंत हकीकत येणेप्रमाणे.

राणी उमाईसाहेब थोरल्या बहिणीकडे हळदीकुंकवास गेल्या आणि परत आल्या, मग महाराज ताटावर बसले असता सहज बोलिल्या की, ताईंकडचा पंप चालू असता त्यावर रुपया कडेवर उभा राहतो, पडत नाही. आणि आपल्या पंपावर थरथरीने पालसुद्धा बसत नाही. महाराजांचा घास हातीच राहिला. साडूंचा वाडा मोठा, ते सोसले. साडूंचे केस काळे, तेही सोसले. परंतु रुपया सोसवेना. मग हुकूम जाहला की साडूंहून थोर पंप आणावा, आणि त्यावर रुपया उभा राहील तो साडूंनी समोर बसून पाहावा. आमंत्रण पंपाच्या आधी गेले.

पंप आला आणि पायावर बसला. नळखात्याचे सरदार हिरोजी पोळ यांनी अर्ज केला की, नळाचा भार नळाने आपल्या टेकूवर सोसावा, पंपावर टाकू नये. आणि नळाची फ्लँज, म्हणजे तोंडाची भोके पाडलेली चकती, पंपाच्या फ्लँजेसमोर ऐसी यावी की बोल्ट बोटांनी आत जावा. महाराजांनी सर्व ऐकिले आणि एकच पुसले.

"साडूंकडे ऐसेच केले आहे काय?"

"होय महाराज."

"मग आम्ही करणार नाही. उद्या म्हणतील, टेकूसुद्धा आमचेच पाहून दिले."

तेव्हा टेकडीवरील टाकीपासून उतरणारा अवघा नळ बिनटेकूचा पंपावर लोंबता ठेविला, आणि शेवटी तो चार बोटे तोकडा पडला. नवा तुकडा घालावा तर आमंत्रणाचा दिवस उजाडलेला. मग चेनपुली लाविली आणि नळ ओढिला आणि बोल्ट आवळिले आणि नळ जितका आला नाही तितका पंप गेला. पंप आणि मोटार यांस जोडणारे कपलिंग, ज्याची दोन तोंडे सकाळी समोरासमोर होती, ती आता लग्नात मानपान चुकलेल्या जावांसारखी वाकडी जाहली. हिरोजी म्हणाले, "महाराज, ओढून बांधलेला नळ मनात माघारीच असतो. जाताना पंपाला घेऊन जाईल." महाराज म्हणाले, "आज राहू दे. उद्या जाऊ दे." हिरोजींस घरी लेकरेबाळे होती, ते दारापाशी, विजेच्या खटक्याजवळ जाऊन उभे राहिले.

साडू आले, खुर्चीवर बसले, आणि पंप पाहून फार सुंदर रंग आहे म्हणाले. महाराजांनी बंद पंपावर रुपया उभा केला, तो उभा राहिला. महाराज तेथेच थांबते तर ही हकीकत लिहावी न लागती. परंतु राणीसाहेब म्हणाल्या, "अहो, आता चालूही करा," आणि महाराजांनी कळ दाबिली. रुपया प्रथम गेला, तो अद्याप सापडला नाही. मग पंप थरथरला आणि कपलिंग ओरडले आणि फ्लँज तडकली आणि टाकीचे जुने पाणी अवघे उलटे पंपघरात उतरले. हिरोजींनी वीज तोडिली होती आणि माणसास कोणास इजा जाहली नाही. महाराजांस जाहली, ती ऐसी की, साडूंनी दारापाशी तरंगत्या खुर्चीवरूनच मोजडीतले पाणी ओतिले आणि खाली उतरून प्रेमाने म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका राजे. आमचाही पहिला असाच फुटला. आम्हीही ओढूनच बांधला होता."

दया दाखविणाऱ्या साडूपुढे पाण्यात उभे राहणे म्हणजे काय, ते शत्रूसही न कळो. महाराज काळवंडले, आणि पुसते जाहले.

"तुमचे पाणी कुठवर आले होते?"

"गुडघ्यापर्यंत."

महाराजांनी खाली पाहिले. पाणी कंबरेस लागत होते. साडू उंच, त्यांचेही कंबरेस लागत होते. तेसमयी महाराजांचे मुखावर जे तेज आले ते राज्याभिषेकासही आले नव्हते. म्हणाले, "हिरोजी, आता टेकू द्या. नवा तुकडाही घाला. आता आम्ही पुढे आहो."

मग टेकू दिले आणि बोल्ट बोटांनी आत गेला आणि कपलिंगची तोंडे पुन्हा पाहून घेतली आणि पंप चालू होऊन नवा रुपया त्यावर उभा राहिला. राणीसाहेबांनी पाहिला. महाराजांनी पाहिला नाही. ते भिंतीवरील ओलीची उंची साडूंच्या भिंतीशी ताडून आणण्यास माणूस धाडीत होते.

तात्पर्य, नळ आपल्या पायांवर उभा राहिला तर पंप सुखी. महाराजांचे तैसे नाही. सबब पाटबंधारे खात्यास विनंती की, आमचेकडे न जाहलेल्या पुराची उंची कंबरेइतकी कायम धरावी, आणि साडूंचा गुडघा मागील तारखेपासून घोट्यावर आणावा.