एकदाच विचारणाऱ्यांचा देश

संपतरावांना "कसं काय?" असं विचारायची सोय नव्हती. विचारलं की खांद्यावरचा पंचा झटकून ते म्हणायचे, "काही खरं नाही, मास्तर." चिखलीच्या धान्यबाजारात ते मापारी होते. पहिलं माप टाकताना 'एक' न म्हणता शुभ म्हणून 'लाभ' म्हणायची रीत आहे. संपतराव 'लाभ' असं म्हणायचे, की धान्य विकायला आलेल्याला आपल्या घरी कोणी आजारी तर नाही ना, अशी शंका यावी.

आभाळ आलं की ज्वारी काळी पडणार आणि उघडलं की करपणार, हे त्यांना आधीच ठाऊक असे. लग्न केलं नाही. आई गेली तेव्हा धाकटा भाऊ दिनकर सहा वर्षांचा होता. त्याला भाकरी थापून घालता घालता यांचं लग्नाचं वय निघून गेलं.

अशा माणसाच्या भावाला वर्षभर अमेरिकेत, तिथल्या एका कुटुंबात राहून शिकायला धाडण्याचं पाप माझं. मी शाळेत इंग्रजी शिकवायचो, आमच्या दोघांच्या घरांमध्ये एकच भिंत. पोरगं हुशार, म्हणून मी अर्ज भरला आणि ते निवडलं गेलं. पेढे घेऊन गेलो तर पेढा तसाच हातात धरून संपतराव म्हणाले, "तिकडं ह्याले वाढणारं कोण हाय?"

त्यातच अमेरिका पाहून आलेले एक शेतकी अधिकारी बाजारात भेटले. ते सहज बोलून गेले, की तिथे जेवताना एकदाच विचारतात. नको म्हटलं की खरंच वाढत नाहीत. बाजार उठताच संपतराव माझ्याकडे धावत आले.

"मेलं पोरगं, मास्तर! मीच त्याले शिकवलं, दोनदा नाही म्हणजो, तिसऱ्यांदा ताट पुढं करजो. तिकडं तिसऱ्यांदा इचारणारच नाही कोणी!"

त्या दिवसापासून तालीम सुरू झाली. संपतराव अमेरिकन बाई होऊन पाटावर ताठ बसायचे आणि एकदाच विचारायचे, "भाकर घेतो का बे?" दिनकरच्या तोंडून सवयीनं निघायचं, "नको दादा." की टोपली आत! दोन दिवस पोरगं अर्धपोटी राहिलं. तिसऱ्या दिवशी माझ्या बायकोनं त्याला बोलावून, आग्रह करकरून जेवू घातलं. भिंतीपलीकडून ते ऐकून संपतराव दारात हजर. "वहिनी, काऊन माह्या मेहनतीवर पाणी टाकता?" त्यांनी अख्ख्या आळीला बजावलं, की दिनकरला कोणी आग्रह करायचा नाही. निरोपाच्या जेवणांना तर ते स्वतः सोबत जात आणि वाढणारीकडे असे डोळे वटारत, की बिचारीच्या हातातली पळी हवेतच राही.

आणि एक दिवस पोरगं शिकलं. शेजारचे आत्माराम सुतार ओसरीवर जेवत होते. रस्त्यानं जाणाऱ्याला 'या जेवायला' म्हणायचं आणि जाणाऱ्यानं 'होऊ द्या' म्हणून पुढे जायचं, एवढीच आपली पद्धत. आत्माराम म्हणाले, "ये दिनकर, जेवायले." दिनकर म्हणाला, "हो," आणि हात धुऊन मांडी घालून बसला. घरात त्यांच्यापुरतीच भाकरी होती. सुतारीणबाईंना पुन्हा चूल पेटवावी लागली.

संपतराव शरमेनं लाल झाले. चार भाकरी घेऊन सुतारांकडे गेले, माफी मागितली आणि परत येऊन मला म्हणाले, "इकडच्या कामाचा राह्यला नाही, मास्तर. तिकडच्या कामाचा झाला का, देव जाणे." मला हसूही येईना. कुठल्या मुहूर्तावर तो अर्ज भरला, असं झालं होतं.

रेल्वे गाठायला निघालेल्या दिनकरला संपतरावांनी मलकापूरच्या एसटीत बसवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी बाजार चालू असताना ते माझ्याकडे आले. मी त्यांना बाजार सोडून आलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"इंग्रजीत एक चिठ्ठी लिहून द्या. तिकडच्या घरच्या बाईले."

मी कागद घेतला. ते खाली बघत सांगू लागले. "लिहा, बाई, पोरगं नाही म्हणन. तुमी ऐकू नका. आणखी एकदा इचारजा."

"अहो, पण आता तो पहिल्या विचारण्यालाच हो म्हणतो की!"

"भूक लागली तं म्हणते. पण मनात दुखलं, तं म्हणत नाही. आई गेली तवा चार दिवस नाहीच म्हणे. मी घास घेऊन मागं मागं फिरलो, तवा जेवला." त्यांनी पंच्यानं तोंड पुसलं. "सकाळी भाकर टाकाले बसलो, मास्तर. पिठात हातच जाईना. एकट्यासाठी काय टाकू?"

 मी चिठ्ठी लिहून वाचून दाखवली. त्यातलं अक्षर समजत नसताना ते कान देऊन ऐकत होते.

"त्यात 'आणखी इचारजा' कुठं हाय?"

मी बोट ठेवून दाखवलं. त्यांनीही त्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे पुन्हा एकदा लिहा, मास्तर. एकदा सांगून बाईले नाही समजायचं."

मी ती ओळ पुन्हा लिहिली.